तात्या अहिरेंचा साक्षीदार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. मित्र असा एकच होता, त्यालाही नाही. दोनदा सांगायला बसलो होतो. दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोललो, चहा संपवला आणि उठलो. आता तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्यासमोर मला तोंड लपवायला लागणार नाही — हाही भित्रेपणाच, नाही का?

पण सुरुवात कुठून करू?

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होतो. शेवटच्या वर्षाआधी कॉलेजने सहा महिने प्रत्यक्ष कामासाठी नाशिकला पाठवलं. मोटारगाड्या बनवणारा कारखाना होता. नाव सांगत नाही. नावाला काही अर्थ नाही, जे झालं ते कारखान्याने केलं नव्हतं. मी सातपूरला एक खोली घेतली, इस्त्री केलेली पँट घातली आणि पहिल्या दिवशी गेटवर पोचलो तेव्हा छाती अशी भरून आली होती — काय सांगू. नामपूरच्या प्राथमिक शिक्षकाचा मुलगा मी. आमच्या घराण्यात मोटारीत बसलेली माणसंसुद्धा मोजकीच होती, आणि मी मोटार बनते तिथे निघालो होतो.

मला प्रेस शॉपमध्ये टाकलं. पत्रा दाबून त्याचे भाग बनवायचे ते खातं. दोन मजली उंचीच्या प्रेस, खाली फरशी हादरायची, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. तिथे तात्या भेटले.

काशीनाथ अहिरे. वय जेमतेम अडतीस, पण सगळे तात्या म्हणायचे. अंगाने काटक, बोलणं कमी. गाडीच्या दरवाज्याला बिजागरी बसते तिथली पट्टी त्यांच्या प्रेसवर व्हायची. मी पहिल्यांदा त्यांच्याजवळ वही घेऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. “तू नामपूरना शे का रे?” अहिराणी! पुण्यात तीन वर्षं मी ती जिभेवर येऊ दिली नव्हती. वर्गात एकदा चुकून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं तेव्हा पोरं आठवडाभर हसली होती. आणि इथे, त्या आवाजात, एक माणूस माझ्या आईच्या भाषेत माझ्याशी बोलत होता. त्यांचं गाव मोसम नदीच्या काठचंच, आमच्यापासून दोन कोसांवर.

मी त्यांना शुद्ध मराठीत उत्तर दिलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते माझ्याशी अहिराणीतच बोलत राहिले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या डब्यात जेवलो. रोज दुपारी ठरलेलं — “भाऊ, जेवना का?” जेवलो म्हटलं तरी अर्धी भाकरी माझ्यासमोर यायची. बाजरीची भाकरी, उडदाची आमटी, कधी मिरचीचा ठेचा. एका रविवारी घरी नेलं. कारखान्यामागच्या वसाहतीत दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फुलं. वहिनींनी पाटावर बसवून वाढलं. सुनंदा नावाची त्यांची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. तिने मला पाढे म्हणून दाखवले.

मी तिथे जेवलो हे मी नामपूरला आईला पत्रात लिहिलं नाही. का लिहिलं नाही ते तुम्हाला कळलं असेल. म्हणजे माझ्यात काय दडलेलं आहे त्याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

मी गोल गोल फिरतोय. माहीत आहे मला.

आमच्या खात्याचे प्रमुख होते गद्रे साहेब. हुशार, स्वच्छ, बोलायला तोडून टाकणारे. त्यांनी मला काम दिलं — एका पट्टीला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि वेळ कशी वाचवता येईल त्याचा अहवाल लिहायचा. “नुसता निबंध लिहून आणू नकोस,” ते म्हणाले, “काहीतरी करून दाखव. मग पास झाल्यावर ये मला भेटायला.” या शेवटच्या वाक्यावर मी चार महिने जगलो. सातपूरच्या खोलीत पडल्या पडल्या स्वतःला त्यांच्या शेजारच्या केबिनमध्ये पाहायचो.

त्या प्रेसला दोन बटणं होती, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली यायचा. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, आत एकही नाही. साधी, शहाणी व्यवस्था. उजव्या हाताने पट्टी आत ठेवायची, दोन्ही हात मागे घ्यायचे, दोन्ही बटणं दाबायची, साचा वर गेला की पट्टी काढायची. मी घड्याळ घेऊन मोजलं, आणि मला दिसलं की सगळा वेळ हात मागे नेण्यात जातो. एक बटण दाबलेलंच राहिलं तर? उजवा हात नुसता ठेवत-काढत राहील, डावा दाबत राहील. किती सेकंद वाचतील!

हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. “भाऊ, दोन बटनं काय शोभाले ठेयेल शेतस का?” असं म्हणून ते कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. ते नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी — अहवाल द्यायला पाच दिवस उरले होते. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीही नव्हतं. म्हणजे होतं, प्रामाणिक असं थोडं होतं, पण कुणी मान वर करून पाहावं असं नव्हतं. मी तात्यांच्या मागे लागलो. अगदी गयावया केली म्हणा. आणि तेव्हा मी काय केलं सांगू? चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी अहिराणीत बोललो. “तात्या, एकच घंटा. मन्हाकरता.” ती भाषा मी त्या कामासाठी राखून ठेवली होती जणू.

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, “एक घंटा, बस. तुन्हाकरता.”

लाकडी पेटीची एक ढलपी पडली होती. तिची पाचर मी केली. उजव्या बटणाच्या कडेला मी ती ठोकली. मी. माझ्या हाताने. तात्या बाजूला उभे राहून कपड्याला हात पुसत होते. त्यांनी पाचरीला हातसुद्धा लावला नाही.

आलं का लक्षात? हे एवढंच वाक्य मला नंतर, विचारलं गेलं तेव्हा, म्हणायचं होतं. एवढंच.

पहिली काही मिनिटं सगळं नीट चाललं. पट्ट्या पटापट पडत होत्या. मी वहीत आकडे लिहीत होतो, आणि आकडे माझ्या कल्पनेपेक्षा चांगले होते. चहाची सुट्टी व्हायला थोडा वेळ होता, शेजारच्या प्रेसवरचा माणूस आधीच उठून गेला होता. आसपास कुणी नव्हतं. माझी नजर घड्याळाच्या काट्यावर होती. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, “अजून थोडं लवकर, तात्या.”

त्यांनी लवकर केलं.

ते ओरडले नाहीत. मागे कोसळले आणि डोकं मागच्या लोखंडी पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं, तो आवाज मी ऐकला. उजव्या हाताची चार बोटं. याहून जास्त मी सांगू शकत नाही.

आणि मी पहिली गोष्ट कोणती केली? प्रेस बंद करायचं लाल बटण दाबलं? धावलो? नाही. मी घड्याळ खिशात घातलं. आधी घड्याळ, मग वही शर्टाच्या आत. मग ओरडलो. मग धावलो. लोक जमले, गाडी आणली, त्यांना सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. माझ्या धावपळीचं नंतर कौतुक झालं.

गद्रे साहेब आले, त्यांनी बटणातली पाचर पाहिली, बोटाने दाखवून विचारलं, “ही कुणी लावली?” मी म्हणालो, “मला माहीत नाही, सर.”

हे खोटं एका श्वासात निघालं. त्याबद्दल मला अजूनही वाटतं — भीतीने निघालं, माणसाकडून निघतं. पण चौकशी आठ दिवसांनी होती. आठ दिवस! आठ दिवस माणूस भीतीच्या एका श्वासात राहतो का?

त्या आठ दिवसांत मी वहीतलं ते पान फाडलं आणि खोलीतल्या स्टोव्हवर जाळलं. हॉस्पिटलमध्येही गेलो एकदा. आत गेलो नाही, वॉर्डाच्या दाराशी उभा राहिलो. वहिनींनी मला पाहिलं आणि बाहेर आल्या. डोळे सुजलेले. माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागे सरकलो. “तुम्ही होता म्हणून वाचले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही धावला नसता तर...” मी त्यांना काय म्हणालो ते मला आठवत नाही. काहीतरी चांगलं म्हणालो असेन. त्यांनीच सांगितलं की तात्यांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. सकाळी डबा घेऊन निघाले इथपर्यंत आठवतं, पुढे कोरं.

खरं सांगतो, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. दाराला टेकलो मी. आनंद झाला मला. त्याला दुसरा शब्द नाही.

चौकशीच्या दिवशी तात्या आले. हात पांढऱ्या बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरून अर्धा झालेला. टेबलापलीकडे गद्रे साहेब आणि कारखान्याचे दोन अधिकारी, एका बाजूला युनियनचा माणूस. गद्रे साहेबांनी तात्यांना विचारलं, पाचर तुम्ही लावली का? तात्या उठून उभे राहिले.

“साहेब, मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. पण सोळा वर्षांत मी असं कधी केलं नाही. भाऊ तिथंच होता. त्याला विचारा. आमच्याकडचाच पोरगा आहे, खोटं बोलायचा नाही.”

त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. कारखान्याने नाही, युनियनने नाही. त्यांनी.

सगळे माझ्याकडे वळले. मी काय म्हणू शकलो असतो? सगळं. ‘मी लावली’ म्हणू शकलो असतो. निदान ‘मला माहीत नाही’ एवढंच पुन्हा म्हणालो असतो तर संशयाचा फायदा तरी त्यांना मिळाला असता. पण गद्रे साहेबांनी विचारलं, “तू तिथे असून तुला दिसलं नाही, असं कसं होईल?” आणि मला वाटलं, आता दोरी माझ्या गळ्याकडे येतेय. मी म्हणालो —

“तात्यांनी लावली, सर. मी त्यांना नको म्हणालो होतो.”

दुसरं वाक्य मला कुणी विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

तात्या माझ्याकडे पाहत होते. राग नव्हता. ते आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या घालून, जीव तोडून, ते स्वतःच्या डोक्यात ती सकाळ शोधत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “भाऊ म्हणतो म्हणजे... लावली असेल, साहेब.”

युनियनच्या माणसाने कागद मिटला. शिकलेल्या मुलाची साक्ष, तीही तात्यांनीच मागितलेली. मुद्दाम सुरक्षा मोडली असा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढलं. महिन्याभरात त्यांनी त्या खोल्या सोडल्या आणि बायको-मुलीला घेऊन गावी गेले. मी तोवर नाशिकमध्येच होतो. भेटायला गेलो नाही.

मला पहिला वर्ग मिळाला. अहवालात मी ‘दोन बटणांची आवश्यकता’ असं एक प्रकरण घातलं. परीक्षकांना ते आवडलं. गद्रे साहेबांना भेटायला मात्र गेलो नाही, पुण्यातच नोकरी धरली. त्यांनी काही ओळखलं होतं का? मला कधीच कळलं नाही. त्यांच्यावर मी काही ढकलणार नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता, उत्तर माझं होतं.

तुम्ही म्हणाल, हेच का ते? हेच सांगायला इतका वेळ घेतला?

नाही. हे अजून ते नाही.

सहा-सात वर्षं गेली. चुलतभावाच्या लग्नाला नामपूरला निघालो होतो. सटाण्याच्या स्टँडवर दुपारी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. उन्हाचा कडाका, कांद्याचा वास, माणसांची झुंबड. आणि मागून आवाज आला, “भाऊ, जेवना का?”

मी वळलो. तात्या. केस पांढरे झालेले. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. बरोबर परकर-पोलक्यातली उंच मुलगी, हातात वह्या. सुनंदा. तात्यांनी मला असं धरलं, डाव्या हाताने, खांद्याला, जसं कुणी घरचं माणूस धरतं. सुनंदाला म्हणाले, “हाऊ आपला भाऊ. मोठा साहेब व्हयना.” त्यांनी घरचं विचारलं, आई-वडिलांचं विचारलं, नोकरीचं विचारलं. स्वतःचं थोडंसंच सांगितलं. दुसऱ्याच्या मळ्याची राखण करतात. डाव्या हाताने लिहायला शिकले. पोरगी अभ्यासात हुशार आहे.

माझी एस.टी. लागली. लोक दाराशी रेटारेटी करायला लागले. मी निघतो म्हणालो. तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला जरा बाजूला, पाण्याच्या टाकीकडे घेतलं. सुनंदा दोन पावलांवर होती. तिला ऐकू येत होतं.

“भाऊ, एक इचारू का? राग नको मानू.” त्यांचा आवाज खाली गेला होता. “मी खरंच लाई व्हती का ती पाचर? माले याद नई. घरना लोक म्हनतस, लाई व्हशीन. पन मी रोज इचार करस...”

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. सात वर्षं हा माणूस रोज त्या कोऱ्या सकाळीत शिरून स्वतःला शोधत होता. मळ्याच्या बांधावर बसून, उरलेल्या हाताने भाकरी मोडत. त्याला नोकरी परत नको होती. माझ्याकडून काही नको होतं. त्याला फक्त हे हवं होतं, की सोळा वर्षं आपण जसे होतो तसेच त्या दिवशीही होतो की नाही.

इथे माझ्या गळ्याशी कोण होतं? गद्रे साहेब नव्हते, टेबल नव्हतं, अहवाल नव्हता. खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? काहीही नाही. एक गरीब माणूस, त्याची मुलगी आणि सटाण्याचं स्टँड.

मी म्हणालो, “हो तात्या. तुम्हीच लावली होती.”

त्यांनी श्वास सोडला. आणि मग — मग त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. मी तो त्या दिवसानंतर पहिल्यांदा पाहत होतो. एक अंगठा आणि तळवा. तो त्यांनी डाव्या हाताला जोडला आणि माझ्यापुढे वाकले. डोळ्यांत पाणी होतं.

“मन्हा मनमा तुन्हाबद्दल पाप उनं व्हतं. इतला वरीस. माफ कर, भाऊ.”

म्हणजे त्यांना संशय होता. कुठेतरी, खोल, त्यांच्या शरीराला आठवत होतं. आणि त्या संशयासाठी ते माझी माफी मागत होते.

मी ‘असू द्या’ म्हणालो. मी त्यांना माफ केलं. ऐकलंत ना तुम्ही? मी त्यांना माफ केलं, आणि एस.टी.त जाऊन खिडकीशी बसलो. तात्या खाली उभे राहून डावा हात हलवत होते. सुनंदा हात हलवत नव्हती. ती बापाकडे पाहत होती. तोवर तिला वाटत आलं असेल की आपला बाप निर्दोष आहे. पोरींना तसं वाटतं. ते मी तिच्यासमोर, भर दुपारी, एका वाक्यात काढून घेतलं.

पाचर ठोकताना मी मूर्ख होतो. चौकशीत भित्रा होतो. स्टँडवर मी काय होतो, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

तात्या गेले. वहिनी त्यांच्या आधी गेल्या. मला दोन्ही बातम्या उशिरा, तिसऱ्याच कुणाच्या बोलण्यात कळल्या. सुनंदा वणीजवळच्या एका शाळेत शिकवते. मुलांना काहीतरी सांगताना ती वडिलांचं उदाहरण देते म्हणे — घाई केली, नियम मोडला आणि हात गमावला. मुलं गप्प होऊन ऐकतात, असं सांगणारा सांगत होता.

शाळेचं नाव मला माहीत आहे. पुण्याहून गाडीने पाच-सहा तासांचा रस्ता आहे. मी गेलेलो नाही.